दागिना की अर्थ : अलंकारविचाराची पार्श्वभूमी

शाळेत अलंकार शिकवताना ‘जणू, गमे, वाटे, भासे’ दिसले की उत्प्रेक्षा, असा हमखास गुण मिळवून देणारा आडाखा सांगितला जातो. त्यातून अलंकार म्हणजे तयार अर्थावर वरून चढवलेला दागिना, अशी समजूत रुजते. या समजुतीला आधार नाही असे नाही, कारण ‘अलंकार’ हा शब्दच दागिन्याचा आहे आणि सुंदर स्त्रीमुखही भूषणांवाचून शोभत नाही, असे भामहासारख्या आद्य आलंकारिकाने लिहून ठेवले आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार आहेत. पुढे ही संख्या वाढत गेली आणि अप्पय्य दीक्षितांच्या ‘कुवलयानंदा’पर्यंत ती शंभरापलीकडे पोहोचली. मात्र खरे वळण नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाच्या ध्वनिविचाराने, म्हणजे काव्यात सूचित अर्थ महत्त्वाचा मानणाऱ्या विचाराने, मिळाले. या परंपरेतले ठरलेले उदाहरण ‘गंगेवर गवळीवाडा’ हे आहे. प्रवाहावर वस्ती असू शकत नाही, म्हणून वाच्यार्थ, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ, अडतो आणि लक्षणेने, म्हणजे त्याच्याशी संबंधित दुसरा अर्थ घेऊन, ‘काठावर’ असे समजावे लागते. परंतु वक्त्याने सरळ ‘काठावर’ असे म्हटले असते, तर त्या वस्तीचा गारवा आणि पावित्र्य ऐकणाऱ्याला जाणवले नसते. म्हणजे शब्दयोजना बदलताच अर्थाचा एक भाग नाहीसा होतो. त्यानंतरही वाद मिटला नाही. काव्य क्वचित अलंकाराविनाही असू शकते, असे ‘काव्यप्रकाश’कार मम्मटाने म्हणताच, मग अग्नीही उष्णतेविना का मानत नाही, असा टोला ‘चंद्रालोक’कार जयदेवाने लगावला.

मराठीत अलंकार दागिना की अर्थ, हा प्रश्न वादापेक्षा वापरातून सुटलेला दिसतो. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांचे दृष्टांत केशोबासांनी ‘दृष्टांतपाठा’त गद्यात संकलित केले, त्यांत सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक (दृष्टांतातून उलगडणारे तात्पर्य) अशी मांडणी आहे. जन्मांधांनी चाचपलेल्या हत्तीची गोष्ट तेथे सजावटीसाठी येत नाही, तर अपुऱ्या ज्ञानाचा विचार तिच्याच आधाराने उभा राहतो.

शके १२१२ मधील ज्ञानेश्वरी हा तर दृष्टांतांचाच ग्रंथ म्हणावा लागेल. पहिल्या अध्यायात ज्ञानदेव म्हणतात : ‘जैसें शारदियेचे चंद्रकळे। माजि अमृतकण कोंवळे। ते वेंचिती मनें मवाळें। चकोरतलगें॥’ शरदाच्या चांदण्यातले अमृताचे कण चकोराची पिले हळुवारपणे वेचतात, तशी श्रोत्यांनी ही कथा अनुभवावी. वरवर पाहता येथे कथेला अमृताची उपमा आहे, पण सारा भर वेचण्याच्या रीतीवर आहे. ऐकावे कसे, हे सांगणारी ही उपमा काढली, तर मागे कोरडा उपदेशच उरेल.

पंडित कवींच्या काळात नादाचे वजन वाढले. वामन पंडितांना ‘यमक्या वामन’ हे नाव पडले आणि मोरोपंतांनी ओष्ठ्य, म्हणजे प, ब, म यांसारखे ओठांनी उच्चारायचे, वर्ण वर्ज्य करून ‘निरोष्ठ रामायण’ रचले. त्याला केवळ कसरत म्हणणे अन्यायाचे असले, तरी तेथे वाचकाचे लक्ष रामापेक्षा ओठांकडे जाते, हे मान्य करावे लागते.

विसाव्या शतकात ‘अलंकारा’च्या जागी ‘प्रतिमा’ हा शब्द रूढ होत गेला. १९४७ च्या ‘काही कविता’ या संग्रहातली मर्ढेकरांची ‘पिपांत मेले ओल्या उंदिर’ ही ओळ त्या बदलाची खूण मानता येईल. यात ‘जणू’ नाही आणि उपमेयही नाही; उंदीर म्हणजे कोण, हे ओळ सांगत नाही. जुन्या शास्त्रात याला अन्योक्ती म्हणता आले असते, पण अन्योक्तीत रोख कोणाकडे आहे हे बहुधा स्पष्ट असते. शिवाय ‘ओल्या’ हे विशेषण व्याकरणाने पिपाचे असूनही उंदरांना खेटून बसले आहे. त्यामुळे ‘ओल्या पिपांत मेले उंदिर’ असा सरळ अन्वय लावला, तरी कानात ओलसर उंदीरच राहतात.