ओठ आणि सूर यांच्यामधले ४० मिलिसेकंद

विद्यार्थ्यांचा म्युझिक व्हिडिओ फसला की दोष बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्या माथी मारला जातो. पण चित्र जरा धूसर आलं किंवा रंग फिके पडले, तर प्रेक्षक ते लवकरच विसरतो. गाणाऱ्याचे ओठ सुराच्या मागेपुढे हलू लागले की मात्र त्याला खटकतं. नेमकं काय खटकतंय हे सांगता आलं नाही, तरी ते शेवटपर्यंत खटकतच राहतं. म्हणून माझं ठाम मत आहे की पहिल्यांदा व्हिडिओ करणाऱ्या गटाने लेन्सची चर्चा बाजूला ठेवावी आणि आधी वेळेचा हिशेब शिकावा.

आपण बोलणं नुसतं कानांनी ऐकत नाही. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९७६ साली ‘नेचर’मध्ये एक प्रयोग मांडला. आवाज ‘बा’चा, पण पडद्यावरचे ओठ ‘गा’ म्हणणारे. ऐकणाऱ्या बहुतेक प्रौढांना यातलं काहीच ऐकू आलं नाही. त्यांनी ऐकलं ‘डा’. ओठ काय सांगतात याचा मेंदू इतक्या खोलवर विचार करतो. मग त्याची सहनशक्ती किती? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९८ साली टीव्ही प्रक्षेपणासाठी केलेल्या शिफारशीत याचे आकडे मिळतात. आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे गेला की तो जाणवू लागतो, पण मागे पडला तर सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत खपून जातो. हा दुजाभाव निसर्गातूनच आलेला दिसतो. प्रकाश आधी पोहोचतो आणि आवाज मागाहून येतो, याची आपल्याला जन्मापासून सवय असते. आवाज आधी आणि हालचाल नंतर, असं मात्र कधीच घडत नाही.

व्हिडिओत सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २५ स्थिर चित्रं असतील, तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची होते. म्हणजे गाणं ओठांच्या एक फ्रेम पुढे सरकलं की आपण काठावर आलो आणि दोन फ्रेम सरकलं की पकडलो गेलो.

आता चित्रीकरणाकडे येऊ. म्युझिक व्हिडिओत गाणं आधीच ध्वनिमुद्रित झालेलं असतं. ते स्पीकरवर वाजवतात, कलाकार त्याच्याबरोबर गातो आणि कॅमेरा चित्रासोबत खोलीतला कच्चा आवाजही टिपतो. कलाकाराने इथे खरोखर मोठ्याने गावं. नुसते ओठ हलवले तर श्वास आणि गळ्याचे स्नायू खोटं बोलतात आणि ते कॅमेऱ्याला दिसतं. कच्चा आवाज अंतिम व्हिडिओत राहत नाही, पण तो बंद करू नका, कारण संकलनाच्या वेळी जुळणी त्याच्यावरच होते. सॉफ्टवेअर मूळ गाण्याची आणि कच्च्या आवाजाची लहर, म्हणजे आवाजाचे क्षणोक्षणीचे चढउतार सांगणारे आकडे, घेतं आणि दोन कंगवे एकमेकांवर सरकवून दाते बसवावेत तशी एक लहर दुसरीवर सरकवत जातं. प्रत्येक जागी दोन्हींच्या आकड्यांचे गुणाकार करून बेरीज काढतं. बेरीज जिथे सर्वांत मोठी, तिथे जुळणी. गाण्यात तोच तुकडा हुबेहूब पुन्हा पुन्हा येत असेल, तर अशा मोठ्या बेरजा अनेक ठिकाणी सापडतात आणि सॉफ्टवेअर दुसऱ्या कडव्याचा शॉट पहिल्यावर नेऊन बसवू शकतं. म्हणून प्रत्येक टेकच्या आधी कॅमेऱ्यासमोर तोंडी सांगा: कोणतं कडवं, कितवा टेक.

स्पीकर कुठे ठेवायचा, हा प्रश्न किरकोळ वाटतो. तो तसा नाही. साधारण २० अंश सेल्सिअसला आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका फ्रेमच्या वेळात जेमतेम १४ मीटर. मोकळ्या मैदानात स्पीकर कॅमेऱ्याच्या पायाशी आहे आणि कलाकार २८ मीटर दूर उभा आहे, अशी कल्पना करा. त्याच्या कानी गाणं दोन फ्रेम उशिरा पडतं, त्यामुळे ओठही दोन फ्रेम उशिरा हलतात. कॅमेऱ्याने मात्र गाणं तत्काळ टिपलेलं असतं. कच्च्या आवाजावर जुळणी केली की गाणं ओठांच्या ८० मिलिसेकंद पुढे, नेमक्या वाईट बाजूला जातं. स्पीकर उचलून कलाकाराजवळ नेला की चूक उलट्या दिशेला वळते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. ब्लूटूथ स्पीकर उशिरा वाजतो, याची इथे भीती नको. कलाकार आणि कॅमेरा दोघेही तोच उशिराचा आवाज ऐकतात, त्यामुळे हिशेब बिघडत नाही.

ओठ गाण्याच्या सुरुवातीला जुळतात आणि शेवटी घसरतात, ही तक्रार वेगळी. इथे आधी संशय दोन घड्याळांवर जातो. प्रत्येक कॅमेऱ्यातलं आणि रेकॉर्डरमधलं क्वार्ट्झ घड्याळ दशलक्षात काही दहा भागांनी चुकतं. ५० भाग धरले तरी चार मिनिटांच्या गाण्यात ती चूक १२ मिलिसेकंद, म्हणजे नगण्य. खरा गुन्हेगार बहुधा मोबाइल. प्रकाश कमी झाला की अनेक फोन प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ उजेड देतात आणि त्यापायी फ्रेमचा वेग गुपचूप कमी होतो. फाइलवर ३० लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात सरासरी २९.८ भरते. सॉफ्टवेअरने त्या फ्रेम ३० समजून ओळीने मांडल्या, तर चार मिनिटांत ४८ फ्रेमची तूट पडते, दीड सेकंदाहून जास्त! उपाय दोन. फ्रेमचा वेग आणि शटर (एका फ्रेमला उजेड मिळण्याचा वेळ) हाताने पक्कं करू देणारं कॅमेरा अ‍ॅप वापरा किंवा संकलनाआधी हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून फाइल स्थिर फ्रेमदराची करून घ्या.

वेळेचं हे गणित कळलं की त्याच्याशी खेळताही येतं. केस आणि पदर संथ तरंगताहेत, पण ओठ मात्र गाण्याशी नेमके जुळलेत, असे शॉट तुम्ही पाहिले असतील. ते असे होतात. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये गाण्याची दुप्पट वेगाची प्रत काढायची, ती सेटवर वाजवायची, कलाकाराने तिच्याबरोबर गायचं आणि कॅमेरा सेकंदाला ५० फ्रेमवर चालवायचा. पुढे त्या फ्रेम २५च्या वेगाने दाखवल्या की शरीराची हालचाल निम्म्या गतीने होते आणि ओठ आपोआप मूळ लयीत येतात. द्रुत गाण्याचे शब्द दुप्पट वेगात जिभेवर येतच नाहीत. तिथे गाणं १.२ पट आणि चित्रण ३० फ्रेमने करावं. हालचाल किंचितच संथ होते आणि मला तर हा सौम्य परिणामच जास्त भावतो.

दिव्यांचं एक सांभाळा. वीज ५० हर्ट्झची असेल तर स्वस्त दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं की प्रत्येक फ्रेमला सारखाच उजेड मिळतो आणि काळे पट्टे सरकत नाहीत. ६० हर्ट्झच्या देशांत हेच आकडे १/६० आणि १/१२० होतात.

मग कात्री. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात दर ठोका अर्ध्या सेकंदाने, म्हणजे २५ फ्रेमच्या हिशेबात साडेबारा फ्रेमने पडतो. अर्धी फ्रेम कापता येत नाही. दर वेळी १२ मोजत गेलात तर आठ ठोक्यांनंतर तुम्ही चार फ्रेम आधी कापत असाल. म्हणून प्रत्येक ठोक्याची जागा गाण्याच्या सुरुवातीपासून मोजा आणि मग जवळच्या फ्रेमवर बसवा. गाणं तुमच्याच वर्गातल्या कुणाचं असेल तर ठोके १०० ठेवायला सांगा. मग प्रत्येक ठोका बरोबर १५ फ्रेमचा होतो.

शेवटची तपासणी वायरच्या हेडफोनवर करा, कारण ब्लूटूथ हेडफोनचा उशीर सहज १०० मिलिसेकंदांपलीकडे जातो आणि बरोबर जुळलेले ओठही चुकीचे भासतात. गाण्याचा पहिला आणि शेवटचा असे दोन शॉट पाहा. दोन्हीकडे सारखीच चूक असेल, तर जुळणी तेवढ्या फ्रेमने सरकवा. शॉट सुरू होताना जुळून संपताना घसरत असेल, तर सरकवून उपयोग नाही; त्या फाइलचा फ्रेमदर तपासा.