टूरिस्ट परमिट आणि रोज रात्रीची बस: पार्श्वभूमी

देश फिरायला निघालेल्या माणसासमोर रेल्वे, विमान, एसटी, टॅक्सी असे पर्याय असतात आणि कायद्याच्या दृष्टीने ते बरेचसे सरळ आहेत. गुंता आहे तो रात्री निघणाऱ्या खासगी बसचा. पुणे-गोवा असो की हैदराबाद-बंगळूर, यातल्या बहुतेक बसांकडे पर्यटक वाहनाचं परमिट असतं. प्रत्यक्षात त्या रोज ठरल्या वेळी, ठरल्या मार्गाने, एकेक सीट विकून धावतात. हे चालतं की नाही, यावर राज्यांचे परिवहन विभाग, बसमालक आणि न्यायालयं यांच्यात वर्षानुवर्षं घासाघीस सुरू आहे.

इतर साधनांचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. रेल्वेने पर्यटकांसाठी अधूनमधून खास सोयी काढल्या. वर्तुळाकार प्रवासाचं तिकीट त्यातलंच. परदेशी पाहुण्यांना एकरकमी पैशांत ठरावीक दिवस कुठेही फिरू देणारा इंडरेल पासही होता, तो २०१७ साली बंद झाला. १९८२ सालची पॅलेस ऑन व्हील्स ही आलिशान रेल्वेगाडी पहिल्यापासूनच मूठभरांसाठी होती. देशांतर्गत विमानसेवा १९५३च्या कायद्याने सरकारकडे गेली, तो कायदा १९९४ साली रद्द झाला आणि स्वस्त तिकिटांची विमानं २००३पासून उडू लागली. म्हणजे मधली कित्येक वर्षं मध्यमवर्गीय कुटुंबाला रेल्वेचं आरक्षण मिळालं नाही तर उरायची ती बसच.

आणि बसचं क्षेत्र तोवर सरकारने बरंचसं आपल्याकडे घेतलं होतं. महाराष्ट्रात १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. १९५०च्या कायद्याने राज्याराज्यांत परिवहन महामंडळं उभी राहायला वाट मिळाली. १९५६ साली तेव्हाच्या मोटार वाहन कायद्यात स्वतंत्र प्रकरण घालून एखादा मार्ग पूर्णपणे सरकारी सेवेसाठी राखून ठेवण्याची सोय झाली. खेडोपाडी गाडी पोहोचली ती या व्यवस्थेमुळे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण राखीव मार्गावर खासगी मालकाला तिकीट फाडून प्रवासी नेण्याची वाट बंद झाली. लग्नाचं वऱ्हाड, सहल, तीर्थयात्रा यांसाठी अख्खी गाडी भाड्याने देणं मात्र त्याला खुलं राहिलं. पुढचा सगळा व्यवसाय या एवढ्या फटीतून वाढला.

१९८८च्या मोटार वाहन कायद्याने दोन्ही प्रकारांच्या व्याख्या केल्या. टप्पा वाहतूक म्हणजे प्रत्येक प्रवाशाकडून वेगळं भाडं घेऊन, पूर्ण प्रवासासाठी किंवा मधल्या टप्प्यांसाठी माणसं नेणं. कंत्राटी वाहतूक म्हणजे संपूर्ण गाडीचा एकच करार. त्या करारात नसलेल्या कुणालाही वाटेत चढवायचं किंवा उतरवायचं नाही. पर्यटक वाहनाचं परमिट हा कंत्राटी वाहतुकीचाच उपप्रकार. टप्पा वाहतुकीचे खासगी परवानेही या कायद्याने बरेच खुले केले, पण मार्ग राखून ठेवायचा राज्यांचा अधिकार कायम ठेवला. त्यामुळे दोन राज्यं ओलांडणाऱ्या खासगी बसला टप्पा परवाना मिळवणं अवघडच राहिलं आणि मालकांनी सोपा रस्ता धरला, तो पर्यटक परमिटचा.

१९८९च्या केंद्रीय नियमांनी या पर्यटक गाडीचं चित्र अगदी रंगासकट ठरवलं होतं. गाडी पांढरी, मधोमध पाच सेंटीमीटर रुंदीचा निळा पट्टा, दोन्ही बाजूंना साठ सेंटीमीटर व्यासाच्या वर्तुळात ‘टूरिस्ट’ हा शब्द. प्रवाशांची नाव-पत्त्यांसह यादी तीन प्रतींत करायची आणि एक प्रत गाडीत ठेवायची. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर काशी-रामेश्वर करणारी, एकाच ठिकाणाहून निघून एकत्र परतणारी मंडळी होती, हे वाचताक्षणी कळतं. रोज रात्री साडेनऊला निघणारी गाडी त्यांच्या हिशेबात नव्हती. पण तिनेही यादी बाळगली. ऑफिसात बसलेला एजंट फोनवर मिळालेली नावं कागदावर उतरवायचा, पत्ते मनाने भरायचा आणि कागद ड्रायव्हरच्या हाती द्यायचा. तपासणीला तेवढं पुरायचं, न पुरलं तर काय पुरायचं हे सर्वांना ठाऊक आहे.

तिकीट मोबाइलवर आलं तेव्हा यादी आपोआप तयार होऊ लागली. नाव, वय, सीट क्रमांक, चढण्याचं ठिकाण, उतरण्याचं ठिकाण, भरलेली रक्कम. नियमाने मागितलेली यादी अखेर चोख झाली, आणि गाडी करारावर नसून सीट विकून चालते याचा तोच लेखी पुरावा ठरला.

सरकारांचं वागणंही फार सुसंगत नव्हतं. महाराष्ट्राने एप्रिल २०१८मध्ये खासगी कंत्राटी बसांसाठी कमाल भाडं ठरवलं: एसटीच्या तशाच बसच्या भाड्याच्या दीडपट. कागदावर तुलना संपूर्ण बसच्या प्रति किलोमीटर दराशी आहे. दिवाळीत तपासणी होते ती मात्र एका सीटला किती घेतले याची. ज्या गाडीने सीट विकायचीच नाही तिच्या सीटचा दर तपासायचा, हा प्रकार इतका अंगवळणी पडलाय की त्यात कुणाला काही खटकत नाही.

यानंतरचा वाद केंद्राच्या नव्या नियमांवरून झाला. पूर्वी गाडी दुसऱ्या राज्यात शिरली की चेकपोस्टवर त्या राज्याचा कर भरावा लागे. पर्यटकांना घेऊन गाडी तासन् तास तिथे उभी असे. १ एप्रिल २०२१पासून लागू झालेल्या नियमांनी ही शुल्कं एकत्र केली. ऑनलाइन एकदा पैसे भरायचे आणि देशभर फिरायचं. मोठ्या वातानुकूलित बसला वर्षाला ३ लाख रुपये. १ मे २०२३पासून सुधारित नियम आले. प्रवाशांच्या यादीबाबत त्यांत एक वाक्य आहे, त्याचा मथितार्थ असा: प्रत्येक प्रवासी कुठून कुठे चालला आहे, हे यादीत असावं. बसमालकांनी नेमकं तेच उचललं. प्रत्येकाचं चढण्या-उतरण्याचं ठिकाण वेगळं असू शकतं हे नियमालाच मान्य आहे, मग वाटेत माणसं घेणं चूक कसं? परिवहन विभागांचं उत्तर होतं की नियम कायद्याच्या वर जाऊ शकत नाही आणि कायद्यातली कंत्राटी वाहतुकीची व्याख्या जशीच्या तशी आहे. कायद्याच्या अंगाने विभागांची बाजू जास्त भक्कम वाटते. मात्र असा संदिग्ध मजकूर लिहून केंद्राने भांडण राज्यांच्या दारात नेऊन ठेवलं, हेही तितकंच खरं.

हे भांडण सगळ्यांना दिसलं ते केरळात, २०२३च्या उत्तरार्धात. पत्तनंतिट्टाहून कोइंबतूरला जाणारी एक खासगी बस याच परमिटवर उघडपणे वाटेत प्रवासी घेत निघाली. विभागाने तिला पुन्हा पुन्हा अडवून दंड केला, तमिळनाडूतही ती जप्त झाली. रस्त्याकडेला लोक हार घेऊन तिच्या स्वागताला उभे राहिले. तिथल्या सरकारी बससेवेची पगार द्यायचीही ओढाताण चालली होती, त्यामुळे खासगी गाड्यांना अशी मुभा दिली तर आपण संपू, ही महामंडळांची भीती पोकळ म्हणता येत नाही.

एकत्रित शुल्काचा बेतही पुरता जमलेला नाही. नागालँड, अरुणाचल अशा कमी कराच्या राज्यांत नोंदणी करायची आणि गाडी कायमची दक्षिणेत चालवायची, हा प्रकार आधीपासून होता. केरळने नोव्हेंबर २०२२पासून अशा बसांकडे स्वतःचा कर मागायला सुरुवात केली. जून २०२४मध्ये तमिळनाडूने बाहेरच्या राज्यांत नोंदवलेल्या आणि राज्यांतर्गत धावणाऱ्या खासगी बसा थांबवल्या आणि प्रवाशांना सांगितलं, या गाड्यांचं बुकिंग करू नका.