काळा गूळ आणि ‘अँटिऑक्सिडंट’चा शिक्का

कोल्हापूरच्या शाहूपुरीत 1895 मध्ये गुळाची पेठ वसली, पुढे सौदे मार्केट यार्डात गेले. पिवळाधमक रवा, म्हणजे गुळाची ढेप, वरच्या भावाने आणि काळपट खालच्या, हा हिशेब मात्र टिकला. आता तोच काळपट गूळ ‘अँटिऑक्सिडंटयुक्त’ म्हणून चढ्या दराने विकला जातो आणि हृदयविकार, कर्करोग लांब राहतील असं पाकिटावर सुचवलेलं असतं. हा शिक्का गुऱ्हाळातून आलेला नाही.

रबर कडक होऊ नये, तेल खवट होऊ नये म्हणून वापरायच्या रसायनांचं ‘अँटिऑक्सिडंट’ हे नाव. म्हातारपणाचा संबंध फ्री रॅडिकल्सशी, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या आणि अँटिऑक्सिडंट ज्यांना निष्प्रभ करतात अशा अस्थिर रेणूंशी, जोडणारी कल्पना 1956 ची. भाज्या-फळं भरपूर खाणाऱ्यांत कर्करोग कमी दिसतो म्हटल्यावर त्यातलं एकच द्रव्य काढून गोळी करण्यात आली. 1994 मध्ये फिनलंडच्या 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीचा निकाल आला: रोज 20 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त. अमेरिकेतली तशीच चाचणी 1996 मध्ये मुदतीआधी 21 महिने थांबवावी लागली. एवढं बीटा-कॅरोटीन साधारण पाव किलो गाजरांतही असतं. पण गाजर एकटं द्रव्य देत नाही, आणि त्यातलं शोषलंही कमी जातं.

गोळ्या मागे पडल्या, आकडा राहिला. परीक्षानळीत चमकणारा रंग रॅडिकल्सच्या माऱ्यात किती वेळ टिकतो, ते मोजून पदार्थाची ‘क्षमता’ काढायची, 100 ग्रॅमला अमुक. अमेरिकेच्या सरकारी तक्त्यात लवंग आणि हळद अर्थातच वर. 100 ग्रॅम लवंग कोण खातं, हा प्रश्न तक्ता विचारत नव्हता. 2012 मध्ये तो संकेतस्थळावरून काढण्यात आला, कारण या आकड्यांचा शरीरातल्या परिणामाशी संबंध दाखवता येत नव्हता आणि विक्रेते ते सर्रास वापरत होते. वर सूचना छापून तक्ता ठेवता आला असता, असा आक्षेप घेता येतो. पण सूचना कुठल्या पाकिटावर उतरली असती? पॉलिफिनॉल हे वनस्पतींतलं अँटिऑक्सिडंट आतड्यातून थोडंच शोषलं जातं, यकृत त्याचं रूप लगेच बदलतं. सफरचंद खाल्ल्यावर रक्ताची ‘क्षमता’ वाढते, तीही मुख्यतः फ्रुक्टोजमुळे वाढलेल्या युरिक अ‍ॅसिडमुळे. गुळात सुक्रोजच साधारण 65 ते 85 टक्के. त्यातला अर्धा भाग फ्रुक्टोजच.

काळेपणाचीही कारणं बरीच. उसाच्या रसाचा सामू (पीएच) 5.2 च्या आसपास. चुना घालून तो 6 ते 6.4 वर आणतात, भेंडीच्या चिकाने मळी वर काढतात आणि 118 अंशांच्या सुमारास काहील उतरवतात. चुना जास्त झाला तर गूळ काळवंडतो, मळी राहिली किंवा पाक करपला तरीही. लोखंडी काहिलीतलं लोह रसातल्या फिनॉलशी मिळून रंग गडद करतं. म्हणजे काळा रवा बिनरसायनाचा असेल, किंवा नुसता बिघडलेला. उलट हायड्रॉस ही रंग उडवणारी गंधकयुक्त पूड घातलेला पिवळा गूळ साठवणीत पुन्हा काळपट होतो, त्यामुळे जुन्या मालात रंग पाहून काहीच ठरत नाही. पाहायचं ते हायड्रॉसमुळे गुळात उरणारं सल्फर डायऑक्साइड: मर्यादा 70 पीपीएम (दहा लाख भागांत 70), आणि ते प्रयोगशाळेतच कळतं.