चामखिळीला मूळ नसतं

भाच्याच्या तळपायाला, चवड्याखाली, मसूरडाळीएवढं काहीतरी कडक झालं होतं. उन्हाळ्यात पोहण्याची बॅच लावली होती, ती संपून दोनेक महिने झाले आणि मग हे. घरात एकमताने निदान झालं, कुरूप. मेडिकलमधून कॉर्न कॅप आली, चिकटवली, चार दिवसांनी कातडी पांढरी भुसभुशीत झाली, ती सोलली, आणि पंधरा दिवसांत पुन्हा जैसे थे. मग आई म्हणाली मूळ आत राहिलंय, बिब्ब्याचा चटका द्या. तोवर भाच्याने शाळेत पीटीच्या तासाला बसून राहायची परवानगी मिळवली होती, त्यामुळे त्याला काहीच घाई नव्हती.

शेवटी स्किनच्या डॉक्टरकडे नेलं, मीही सोबत होतो. डॉक्टरांनी आधी वरून अंगठ्याने दाबलं, भाचा नुसता बघत राहिला. मग त्यांनी तोच भाग दोन्ही बाजूंनी चिमटीत धरला तर पोरगं टेबलवरून उडालंच. कुरूप सहसा वरून दाबलं की दुखतं, चामखीळ चिमटीत धरली की दुखते. ही काही शंभर टक्के पक्की खूण नाही, म्हणून त्यांनी ब्लेड घेतलं आणि वरचा कडक पापुद्रा अगदी पातळ पातळ तासायला सुरुवात केली, आपण पेन्सिलीला टोक करतो तसं पण आडवं. दोन-तीन पापुद्रे गेल्यावर आत काळे ठिपके दिसायला लागले, खसखशीच्या दाण्याहून लहान, आणि अजून जरा तासल्यावर त्यातल्या दोन ठिकाणी टाचणीच्या टोकाएवढं रक्त आलं. "ह्याच त्या मुळ्या," आई म्हणाली.

तर नाही. ते ठिपके म्हणजे केशवाहिन्या. चामखीळ वाढताना त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या वर ओढल्या जातात, चालताना त्यांच्यावर वजन पडतं, आतलं रक्त गोठतं आणि काळं दिसतं. कुरूप तासलं तर आत मेणचट पिवळसर गाभा लागतो, ठिपके नाहीत. तिसरी खूण मला सगळ्यात आवडली. तळपायालाही बोटांच्या ठशांसारख्या रेषा असतात. साधा घट्टा असेल तर या रेषा त्याच्यावरून सरळ पलीकडे जातात, कारण ती आपलीच कातडी जाड झालेली असते. चामखिळीपाशी मात्र त्या तुटतात आणि बाजूने वळसा घालून जातात, नदीत खडक आल्यावर पाणी जातं तशा.

घरी येता येता ताईने गाडीत बसूनच गुगल केलं. चामखीळ कशाने होते, तर एचपीव्ही, म्हणजे ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस. एचपीव्हीने काय होतं, तर कॅन्सर. सिग्नलला तिचा चेहरा बघण्यासारखा होता. एचपीव्ही हा एक व्हायरस नाही हो, दोनशेच्या वर प्रकारांचं खानदान आहे. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरमागे मुख्यतः १६ आणि १८ नंबर असतात, तळपायाच्या चामखिळी १, २, ४, २७, ५७ अशा नंबरांच्या. आडनाव एक, धंदा वेगळा. गंमत म्हणजे हा फरक कळण्यात तळपायाच्या चामखिळीचाही वाटा आहे. ज्या जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांना एचपीव्ही आणि कॅन्सरचा संबंध दाखवल्याबद्दल २००८ चं नोबेल मिळालं, त्यांनी १९७० च्या दशकात चामखिळीतल्या व्हायरसचा डीएनए नमुना म्हणून घेतला आणि तसाच डीएनए कॅन्सरच्या गाठींमध्ये शोधला. सापडला नाही. म्हणजे एकतर एचपीव्हीचा संबंध नाही, नाहीतर तो दुसराच कुठला तरी एचपीव्ही आहे, आणि ते दुसऱ्या शक्यतेला चिकटून राहिले. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक लस ६, ११, १६ आणि १८ या चार नंबरांवर आहे, त्यामुळे ती मुलीला जरूर द्या पण पायाच्या चामखिळीसाठी नाही, तिच्या यादीत हे नंबरच नाहीत.

आता खरा मुद्दा, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलो. हा व्हायरस आपल्या अंगात वर्ष-दोन वर्षं राहतो आणि आपल्या प्रतिकारशक्तीला पत्ताच लागत नाही, हे कसं जमतं?

आपल्या त्वचेचा वरचा थर म्हणजे पोळ्यांची चळत समजा. फरक इतकाच की नवी पोळी वरून न ठेवता खालून सरकवली जाते. पेशींचं विभाजन मुख्यतः सगळ्यात खालच्या थरात होतं, मग पेशी वर वर ढकलली जाते, चपटी होते, केराटिन नावाच्या कडक प्रोटीनने भरते, मरते आणि शेवटी कोंड्यासारखी झडते. एचपीव्हीला शिरकाव करायचा असतो तो खालच्या जिवंत थरात. पोहण्याच्या तलावाकाठी ओल्या फरशीवर पाय फुगून मऊ झालेले असतात, खरखरीत फरशीने न दिसणारा ओरखडा पडतो, तेवढी फट त्याला पुरते. आत गेल्यावर तो काय करतो, तर जवळजवळ काहीच नाही. आपल्या डीएनएच्या मोजक्या प्रती करून गप्प बसतो. पेशी वर सरकायला लागते तसा तो जागा होतो. त्याच्याकडे सगळी मिळून आठेक जीन्स आहेत, डीएनए सुमारे ८,००० अक्षरांचा, आपला ३०० कोटी अक्षरांचा. ई१ आणि ई२ ही प्रोटीन्स डीएनएच्या प्रती काढायला लागतात, पण प्रत काढायची यंत्रसामग्री पेशीची, आणि वर जाणाऱ्या पेशीने तर विभाजनाचं दुकान बंद केलेलं असतं, म्हणून ई७ नावाचं प्रोटीन विभाजन थांबवणारा पेशीचा आरबी नावाचा ब्रेक निकामी करतं आणि दुकान पुन्हा उघडायला लावतं, ई६ त्याच्या मदतीला, त्यामुळे पेशी जास्त होतात, थर जाड होतो, आणि आपल्याला जी गाठ दिसते ती ही. मग अगदी वरच्या थरात, जिथे पेशी मरायलाच टेकलेली असते, तिथे एल१ आणि एल२ ही कवचाची प्रोटीन्स तयार होतात. एल१ चे पाच-पाच रेणू मिळून एक तुकडा, असे ७२ तुकडे, झालं कवच तयार, नॅनोमीटरमध्ये साधारण ५५.

हे सगळं डोक्यावरून गेलं तरी चालेल, एवढंच लक्षात ठेवा की ओळखू येईल असा मालमसाला तो तळमजल्यावर काढतच नाही, सगळा गच्चीवर काढतो. गच्चीवर रक्त पोचत नाही, म्हणजे प्रतिकारशक्तीची गस्तही जवळजवळ नाही. पेशी फोडून बाहेर यायची त्याला गरज नाही, कारण ती पेशी आपोआप झडणारच असते. फोडाफोडी नाही म्हणून सूज नाही, ताप नाही, व्हायरस रक्तातही जात नाही. त्वचेत लँगरहान्स नावाच्या पहारेकरी पेशी असतात (पॉल लँगरहान्सला त्या १८६८ मध्ये विद्यार्थी असताना सापडल्या, पुढच्याच वर्षी त्याने स्वादुपिंडातली इन्सुलिनवाली बेटं पाहिली, काय माणूस असेल), पण एचपीव्हीच्या जागी त्यांची संख्याही घटते.

आणि म्हणूनच मूळ नसतं. चामखीळ कितीही खोल वाटली तरी ती वरच्या थरातच असते, आपल्या वजनाने आत दाबली गेलेली. खणून काढायला गेलात तर खालची निरोगी त्वचा कापली जाते, व्रण पडतो, आणि तळपायाचा व्रण जन्मभर टोचू शकतो.

हा व्हायरस आहे हे १९०७ मध्ये इटलीच्या जुझेप्पे चुफो याने दाखवलं. चामखिळीचा अर्क इतक्या बारीक फिल्टरमधून गाळला की पेशी आणि बॅक्टेरिया मागे राहतील, आणि तो स्वतःच्या हाताला टोचून घेतला. चामखीळ उगवली. आजची एथिक्स कमिटी त्याला दारातूनच परत पाठवेल.

उपचार म्हणजे बहुतेक वेळा झोपलेल्या पहारेकऱ्याला हलवून जागं करणं. सॅलिसिलिक अ‍ॅसिड पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे टाके सैल करतं, थर पातळ होतो, आणि जी थोडी चिडचिड होते ती फायद्याची. कॉर्न कॅपमध्येही हेच असतं, आमचं चुकलं ते चार दिवसांत सोडून दिलं हे. रोज रात्री कोमट पाण्यात पाय बुडवायचा, घासून पांढरा थर काढायचा, थेंब टाकायचा, आणि हे बारा आठवडे. घासायची पट्टी घरात दुसऱ्या कुणी वापरायची नाही. दुसरा उपाय म्हणजे उणे १९६ अंशांचं लिक्विड नायट्रोजन, जे बघायला भारी आणि खिशाला जड. ब्रिटनमध्ये २४० लोकांवर दोन्हींची तुलना झाली, २०११ मध्ये निकाल छापून आला, बारा आठवड्यांनी दोन्हीकडे पूर्ण बरे झालेले फक्त १४ टक्के. म्हणजे भारी दिसणाऱ्या उपायाने काही जास्त दिलं नाही, आणि साध्यानेही फार नाही. चामखिळीवर डक्ट टेप चिकटवून ठेवण्याचंही तेच, २००२ मध्ये गाजावाजा झाला, नंतरच्या चाचण्यांत फुगा फुटला.

मला सगळ्यात पटणारी पद्धत म्हणजे पाय बधिर करून एकाच चामखिळीत सुई पुन्हा पुन्हा टोचून तिच्या पेशी खाली चरबीपर्यंत ढकलायच्या. ऐकायला उलटं वाटतं, पण गच्चीवरचा माल तळमजल्यावर, थेट पहारेकऱ्यांच्या पुढ्यात नेऊन टाकला की ओळख पटते, आणि कधी कधी हात न लावलेल्या बाकीच्या चामखिळीही गळून जातात. आपल्याकडे त्याच विचाराने गोवराची एमएमआर लस चामखिळीत टोचतात, किंवा दिल्लीच्या डॉ. जी. पी. तलवार यांच्या टीमने कुष्ठरोगासाठी काढलेली एमडब्ल्यू लसही.

आता घोड्याच्या शेपटीचा केस, चुना-सोडा, अमावस्येला मीठ ओवाळणं. यांनी "गुण येतो" कारण मुलांच्या साधारण दोन तृतीयांश चामखिळी दोन वर्षांत आपोआप जातात. जाण्याच्या आदल्या महिन्यात जो भेटला तो बाबा सिद्धपुरुष. केस बांधून नुकसान नाही (तळपायाला बांधणार कुठे हा प्रश्न आहेच), पण चुना-सोडा आणि बिब्बा भाजतात, आणि शुगर असलेल्या माणसाच्या बधिर पायावर तो जखमेचा श्रीगणेशा. शुगरवाल्यांनी तर कॉर्न कॅपसुद्धा स्वतःच्या मनाने लावू नये. आणि तळपायावर काळा डाग पसरत असेल तर अ‍ॅसिड लावत बसू नका, तो दाखवा, मेलॅनोमा म्हणजे त्वचेचा एक घातक कॅन्सर तिथेही होतो.

भाच्याचं अ‍ॅसिड चौदा आठवडे चाललं, मधे दोनदा कंटाळून बंद, दोनदा ओरडा खाऊन चालू. शेवटच्या खेपेला डॉक्टरांनी भिंग लावून फक्त एकच गोष्ट बघितली, रेषा. त्या जागेवरून सरळ पलीकडे गेल्या होत्या, मधे खंड नाही. पीटीची सवलत त्याच सोमवारी गेली आणि भाचा दोन दिवस कुणाशी बोलला नाही.