शंभर मिलिमीटरची रेघ शहाण्णव का भरते?

कांद्याच्या पापुद्र्यातली ०.२५ मिमी लांबीची पेशी इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये १०० मिमी लांब काढली आणि खाली '× ४००' लिहिलं, तर हिशेब चोख. आता प्रिंट काढा आणि स्टीलच्या पट्टीनं मोजा. बऱ्याचदा पेशी ९६ मिमीच भरते. म्हणजे चित्र ३८४ पट झालं आणि खालचा आकडा खोटा पडला.

चार मिलिमीटर खाल्ले कोणी? ए-४ कागद २१० बाय २९७ मिमीचा. पण साधा लेझर प्रिंटर कागदाच्या कडेपर्यंत छापत नाही. चारही बाजूंना साधारण ४.२ मिमी कोरं सोडतो. रुंदीत उरतात २०१.६ मिमी. पीडीएफ छापताना 'फिट' निवडलेलं असलं की २१० मिमीचं पान त्या २०१.६ मध्ये कोंबलं जातं : बरोब्बर ९६ टक्के. फाइल अमेरिकी 'लेटर' मापाची (२१५.९ बाय २७९.४ मिमी) असेल, तर ९३.४ टक्के. म्हणून 'अ‍ॅक्चुअल साइझ' निवडायचं. 'श्रिंक ओव्हरसाइझ्ड पेजेस' हा पर्याय दिसतो निरुपद्रवी, पण लेटर पान ए-४ पेक्षा रुंद असल्यामुळे तिथं तोही चित्र आकसवतो. झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह देताना 'शंभर टक्क्यांवर काढा, फिट नको' हे आधीच सांगितलेलं बरं. तिथं दिवसभर फिटवरच काम चालतं.

इंकस्केपमध्ये सुरुवात पानापासून करावी. फाइल मेन्यूतल्या 'डॉक्युमेंट प्रॉपर्टीज'मध्ये ए-४ आणि मिमी निवडा, चित्र कडेपासून १० मिमी आत ठेवा आणि कोपऱ्यात १०० मिमीच्या दोन रेघा काढा, एक आडवी, एक उभी. थेट प्रिंट न देता पीडीएफ करून ती छापा. दोन्ही रेघा सारख्याच प्रमाणात कमी भरल्या, तर घोळ स्केलचा. एखादीच दोन-तीन दशांश मिमीनं कमी असेल, तर कागदाकडे बघा : लेझर प्रिंटरमधल्या तापलेल्या रोलरखालून जाताना कागदातली ओल उडते आणि तो किंचित आक्रसतो. त्यामागे लागू नये.

शंभर टक्क्यांवर छापूनही रेघ ९३.७५ भरली, तर दोष प्रिंटरचा नव्हे, जुन्या फाइलचा. इंकस्केपची ०.९२ आवृत्ती येईपर्यंत (ती २०१७ मध्ये आली) एका इंचात ९० पिक्सेल धरले जात. तेव्हापासून ९६ धरतात. ९० भागिले ९६ म्हणजे ०.९३७५. अशी फाइल उघडताना प्रोग्राम विचारतो, की हे चित्र स्क्रीनसाठी आहे की कागदासाठी. ही खिडकी न वाचताच बंद केली जाते, आणि चूक तिथंच होते.

आता जाडी. ६०० डीपीआयच्या (म्हणजे एका इंचात ६०० ठिपके छापणाऱ्या) प्रिंटरचा एक ठिपका ०.०४२ मिमीचा. ०.२ मिमीची रेघ म्हणजे जेमतेम पाच ठिपके, ०.०३ मिमीची रेघ एका ठिपक्यालाही पुरत नाही. स्क्रीनवर मोठं करून बघताना ती ठळक दिसते, कागदावर मात्र ड्रायव्हरच्या (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) मर्जीनुसार एक ठिपका जाड होते किंवा गायब होते. त्यात 'स्केल स्ट्रोक विड्थ' (चित्रासोबत रेघेची जाडीही बदलणारा पर्याय) चालू ठेवून चित्र अर्धं केलं, की ०.२ चे ०.१ होतात. बाह्यरेषा शेवटच्या मापात ०.२ मिमीपेक्षा बारीक नसावी. करड्या रेघा तर टाळाच. काळ्या-पांढऱ्या लेझरमध्ये टोनर एकच, काळा. करडा रंग तो ठिपके विरळ पेरून दाखवतो आणि बारीक करडी रेघ तुटक दिसते. फरक दाखवायचा असेल तर रेघ पूर्ण काळी ठेवून तुटक किंवा ठिपक्यांची करावी. टोनर वाचवण्याचा मोडही बंद हवा.

छायेसाठी 'ब्लर' (आकार धूसर करणारा पर्याय) वापरला असेल, तर पीडीएफ करताना तेवढ्या भागाचं ठिपक्यांचं चित्र बनतं, तेही सेव्हच्या खिडकीतला आकडा न बदलल्यास ९६ डीपीआयला. तो ३०० करा. देवनागरी नावं असतील तर त्याच खिडकीत 'टेक्स्ट टू पाथ'चा, म्हणजे अक्षरांची रेघांची आकृती करण्याचा, पर्याय निवडा आणि पीडीएफच द्या. नाहीतर एसव्हीजी (इंकस्केपची मूळ फाइल) दुसऱ्या संगणकावर उघडली आणि तिथं तो फाँट नसला, की 'पेशीभित्तिका' पसरून शेजारच्या निर्देशरेषेवर चढते. मूळ फाइल मात्र जपून ठेवा; पाथ झालेलं अक्षर पुन्हा टंकता येत नाही.

एवढं करूनही पुढं कोणी फोटोकॉपी काढेल आणि माप बदलेल. म्हणून '× ४००'ऐवजी चित्राखाली ४० मिमीची मोजपट्टी काढा आणि तिच्यावर '०.१ मिमी' लिहा. चित्र ९६ टक्के झालं की पट्टीही ३८.४ मिमी होते आणि ०.१ मिमीच दाखवत राहते. फक्त ती चित्रासोबत कंट्रोल-जीनं ग्रुप केलेली हवी. सुटी राहिली, चित्र ओढून लहान केलं आणि पट्टी तशीच राहिली, तर पुन्हा खोटं माप.