पाण्याला पाण्याचाच प्रतिध्वनी

नदी समुद्राला मिळाली की दोन्ही पाणी एकजीव झाले, असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात अनेक नदीमुखांत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर बरेच अंतर तरंगत जाते. किलोभर समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे ते गोड्या पाण्यापेक्षा जेमतेम अडीच टक्के जड असते. पण दोन थर वेगळे ठेवायला एवढा फरक पुरतो. ओहोटीला वरचा थर समुद्राकडे धावतो, खालचा रेंगाळतो, आणि वेगातला हा फरक पुरेसा वाढला की सीमेवर लाटा उठतात, स्वतःभोवती गुंडाळल्या जातात व फुटतात. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ आणि केल्विन या भौतिकशास्त्रज्ञांनी या अस्थिरतेचे गणित मांडले, पण पृष्ठाखाली चाललेला हा खेळ वरून पाहणाऱ्याला क्वचितच जाणवतो.

सोनारला, म्हणजे पाण्यात ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणाऱ्या यंत्राला, तो दिसतो. एरवी तळ किंवा मासे शोधणाऱ्या या यंत्राला पाण्याचाच प्रतिध्वनी ऐकू यावा, हे मला त्यातले सर्वांत नवलाचे वाटते. १२० किलोहर्ट्झच्या ध्वनीची पाण्यातली तरंगलांबी सुमारे सव्वा सेंटीमीटर असते. फुटणाऱ्या लाटेत खाऱ्या व गोड्या पाण्याचे धागे इतक्याच बारीक प्रमाणात गुंततात; धाग्यागणिक घनता व ध्वनीचा वेग बदलतो आणि ध्वनीचा अगदी क्षीण अंश माघारी येतो. पडद्यावर मग तिरक्या वेटोळ्यांची रांग उमटते, जणू कोणी पाण्यात वेणी घातली आहे.

अमेरिकेतील कनेक्टिकट नदीच्या मुखात केलेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याच वेणीने अपेक्षा उलटवली. मिसळण वेटोळ्यांच्या गाभ्यात जोरात चालत असेल, असे प्रयोगशाळेतील लहान प्रवाहांवरून वाटत होते. नदीमुखात मात्र ती दोन वेटोळ्यांना जोडणाऱ्या पातळ, तिरक्या पट्ट्यांत अधिक तीव्र आढळली.

अर्थात, पडद्यावरचा प्रत्येक उजळ ठिपका म्हणजे मिसळण नव्हे. हवेचे बुडबुडे, प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) आणि गाळाचे कणही प्रतिध्वनी देतात, आणि बुडबुडे तर फारच मोठा. ध्वनीची वारंवारता बदलली की या प्रत्येकाच्या प्रतिध्वनीची ताकद वेगवेगळ्या रीतीने बदलते, म्हणून एकाच वेळी अनेक वारंवारता वापरून त्यांची फारकत केली जाते. तरीही क्षारता मोजणारे संवेदक खांबावर बसवून बोटीच्या कडेने पाण्यात सोडावेच लागतात. मिसळण कोठे होते ते सोनार दाखवतो, पण ती किती होते याचा आकडा या संवेदकांशी पडताळूनच पक्का होतो.