चुंबकीय गतिसंवेदक

धातूच्या वस्तूला स्पर्श न करता, तिच्या हालचालीमुळे चुंबकीय क्षेत्रात होणारा बदल टिपून त्याचा विद्युत संकेत करणारे साधन. ते धातू ओळखते असा सर्वसाधारण समज असला, तरी प्रत्यक्षात त्याला कळतो तो केवळ क्षेत्रातील बदल. म्हणून वस्तू कोणत्या धातूची आहे, किती अंतरावरून व किती वेगाने जाते, हे पाहूनच संवेदकाचा प्रकार ठरवावा लागतो.

सर्वांत साध्या प्रकारात कायम चुंबकावर तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. फिरत्या चक्राचा लोखंडी दाता समोर आला की बलरेषांना हवेपेक्षा सुलभ वाट मिळून वेटोळ्यातील क्षेत्र वाढते, दाता सरकला की घटते आणि मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्ये दाखविलेल्या विद्युत चुंबकीय प्रवर्तनामुळे तारेत स्पंद उमटतो. मोटारसायकलचे मेकॅनिक जिला पल्सर कॉइल म्हणतात, ती याच जातीची. मॅग्नेटच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चुंबकी चक्राच्या, बाहेरच्या कडेवरील लोखंडी उंचवटा तिच्यासमोरून गेला की ठिणगी केव्हा पाडायची हे सीडीआय या प्रज्वलन नियंत्रकाला समजते. या वेटोळ्याला बाहेरून वीज द्यावी लागत नाही. मात्र स्पंदाचा जोर बदलाच्या वेगावर अवलंबून असल्याने चाक अगदी सावकाश फिरू लागले की संकेत क्षीण होत जातो आणि अखेर संवेदकाच्या लेखी ते थांबलेलेच असते.

ही अडचण हॉल संवेदकात येत नाही. विद्युत प्रवाह वाहणाऱ्या पट्टीवर काटकोनात चुंबकीय क्षेत्र लावल्यास आडव्या दिशेने विद्युत दाब निर्माण होतो, हे एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये सोन्याच्या पातळ वर्खावर प्रयोग करून दाखविले. हा दाब क्षेत्र किती वेगाने बदलते यावर नव्हे, तर क्षेत्रावरच अवलंबून असल्यामुळे समोर स्थिर उभा असलेला दाताही कळतो.

काही संवेदकांना स्वतःचा चुंबकही लागत नाही. पृथ्वीचे क्षेत्र जेमतेम २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असते. पण मोटारीचे पोलाद त्यात जाणवण्याइतकी गडबड करते आणि वाहनतळाच्या जमिनीत बसविलेला संवेदक तेवढ्यावरून जागा भरली की नाही ते सांगतो.

अ‍ॅल्युमिनियम, तांबे व पितळ चुंबकाला दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी वेटोळ्यात उच्च वारंवारतेचा प्रत्यावर्ती प्रवाह सोडतात. त्यामुळे धातूच्या पृष्ठभागात भोवऱ्यासारखे आवर्त प्रवाह उठतात आणि त्यांचा उलट परिणाम वेटोळ्यावर होतो. कारखान्यांतील, धातूची वस्तू जवळ आल्याचे ओळखणारे इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी स्विच याच तत्त्वावर चालतात. गाडीचे आस (चाकांच्या जोडीचे दांडे) मोजणाऱ्या रेल्वेच्या अ‍ॅक्सल काउंटरमध्येही रुळालगतच्या वेटोळ्यांमधील क्षेत्र चाक जाताना बदलते. अशा दोन जोड्या शेजारी बसविल्या असता आधी कोणती जागी झाली यावरून गाडीची दिशा ठरते. आत आलेल्या व बाहेर पडलेल्या आसांची संख्या जुळल्याखेरीज तो लोहमार्ग मोकळा मानला जात नाही.

चुंबक असलेल्या संवेदकाचा नेहमीचा शत्रू म्हणजे लोखंडाचा कीस. ब्रेकची झीज किंवा गिअरचा चुरा टोकाला दाढीसारखा चिकटतो, दात्यांमधील फरक पुसट होतो आणि वेग चुकीचा दिसू लागतो. असा संवेदक बहुधा बिघडलेला नसतो, फडक्याने टोक पुसले की पुन्हा नीट चालतो.